वृत्तनिवेदिका स्मिता पाटील आणि आमचा दौंड तालुका

प्रतिवर्षीच्या स्मरणिकेत आम्ही इतिहासाचे एखादे प्रकरण वाचकांपुढे ठेवीत आलो आहोत. ते प्रकरण बहुधा जुन्या सनदांचे, देवस्थानांचे अथवा वाडवडिलांच्या कर्तृत्वाचे असते. या खेपेस आम्ही जो विषय घेतला आहे तो पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या भुवया उंचावतील हे आम्ही जाणून आहो. चरित्रनायिका पाटसची नव्हे, तालुक्यातीलही नव्हे. तिचे मूळ घराणे खानदेशातले आणि कीर्ती रुपेरी पडद्यावरची. परंतु आमच्या सभासद कुटुंबांतील कित्येक मुली आता पत्रकारितेचे व निवेदनाचे शिक्षण घेऊ इच्छितात आणि घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "हा पेशा आहे तरी कसला? यात मान किती, आणि यातून मुलगी पुढे जाणार कोठे?" या प्रश्नास कोरडा उपदेश हे उत्तर नव्हे. ज्या मराठी मुलीने अगदी प्रारंभीच्या काळात हे आसन स्वीकारले तिचा वृत्तांत पाहणे अधिक उपयोगाचे होईल असे आम्हांस वाटते. शिवाय, या वृत्तांताची वाट आमच्या दौंडवरून जाते. ती कशी, हे पुढे येईलच.

प्रथम बातमी आमच्या गावापर्यंत कशी पोहोचत असे ते पाहू. पाटस हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. १८५८ साली पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग झाला आणि पाटस स्टेशन त्याच मार्गावर आले. तत्पूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ बातमी माणसांच्या तोंडूनच येई; बाजारकऱ्यांच्या, गाडीवानांच्या, आणि आषाढात वारकऱ्यांच्या. श्रीतुकोबारायांची पालखी वरवंडहून निघून पाटसवरून रोटीच्या घाटाने उंडवडीकडे जाते, तेव्हा देहूपासूनच्या साऱ्या मुलुखाची खबर एका दिवसात गावात येऊन जाई. पुढे आगगाडीने वर्तमानपत्र येऊ लागले. ते एकजण मोठ्याने वाची आणि दहाजण ऐकत. हा वाचणारा म्हणजे गावाचा पहिला वृत्तनिवेदकच होय. त्याचा उच्चार, त्याची पट्टी, मध्येच थांबून चष्म्यावरून पाहण्याची त्याची लकब यांवर बातमीची किंमत ठरे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६ साली, पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोत्यांसाठी एक प्रयोग करण्यात आला. पुण्यासह पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन वेळा मंडळी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगाचा जगभर बोलबाला झाला आणि पुढे १९५९ पासून तो देशभर पसरला. आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याने आवाजावर विश्वास ठेवण्याचा आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याचाही पाठ तेथे गिरवला. आवाजाला अद्याप चेहरा मात्र नव्हता.

तो चेहरा मिळाला १९७२ साली. दिल्लीस दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजीच सुरू झाली होती. १९६५ पासून तेथे दैनिक प्रक्षेपण होऊ लागले आणि प्रतिमा पुरी यांनी पाच मिनिटांचे बातमीपत्र वाचण्यास आरंभ केला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते वर्ष आमच्या भागातील जुन्या लोकांना दूरचित्रवाणीमुळे नव्हे, तर दुष्काळामुळे आठवते. दौंड व शिरूरच्या माळावर हजारो बायाबापड्या खडी फोडीत होत्या, सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढीत होत्या. मुंबईत नव्या पडद्याचे कौतुक चालले असता आमच्याकडे विहिरींचे तळ दिसत होते. १९७३ साली सिंहगडावर पुनःप्रक्षेपण केंद्र झाले आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच, आणि त्याच्या पूर्वेस भीमा-मुळामुठेचा सपाट मुलूख. उंच बांबूवर अँटेना चढवून, ती इकडून तिकडे फिरवीत, "आलं का? आलं का?" अशा आरोळ्या देत ज्यांनी ती पहिली मुंग्यांसारखी वळवळणारी चित्रे पाहिली त्यांना हा भूगोल निराळा शिकवावयास नको. संच फार थोड्या घरी असत. त्यासाठी पोस्टात परवान्याचे शुल्क भरावे लागे आणि ही परवान्याची पद्धत १९८५ पर्यंत चालू होती. ज्या घरी संच त्या घरी सायंकाळी निम्मी आळी, असा तो काळ.

त्या काळच्या बातम्या म्हणजे काय, हे आजच्या पिढीस सांगावे लागेल. चोवीस तास बोलणाऱ्या वाहिन्या मराठीत २००७ नंतर स्थिरावल्या. तेव्हा वाहिनी एक, रंग काळा-पांढरा, आणि मराठी बातमीपत्र सायंकाळी ठरलेल्या वेळी काही मिनिटांचे. निवेदकाच्या हाती टंकलिखित अथवा हस्तलिखित कागद असत. ते त्याने लिहिलेले नसत; वृत्तविभागाने लिहिलेले, तपासलेले असत. निवेदकाने ते पाहावयाचे, अवघड नावे दोनदा म्हणून घ्यावयाची आणि दिवा लागताच कॅमेऱ्याकडे पाहून वाचू लागावयाचे. नजर कागदावरून उचलून पाहणाऱ्याकडे न्यावयाची आणि पुन्हा नेमक्या ओळीवर आणावयाची, हे दिसते तितके सोपे नाही. प्रक्षेपण थेट होई. चूक झाली तर ती पुसता येत नसे. "क्षमा करा" म्हणून पुढे जाणे एवढाच उपाय. मत देण्याची मुभा नाही, हर्ष नाही, शोक नाही. धरण फुटले तरी स्वर ढळू द्यावयाचा नाही आणि सामना जिंकला तरी टाळी वाजवावयाची नाही. निवेदक बहुतेक करून पगारी नोकर नसत. बातमीपत्रागणिक मानधनावर येत. अशा या आसनावर, केंद्र नवे असतानाच, विशीही न ओलांडलेली एक मुलगी येऊन बसली.

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुणे येथे झाला. वडील श्री. शिवाजीराव गिरधर पाटील हे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. स्वातंत्र्यचळवळीत उतरलेले, समाजवादी विचारांत वाढलेले आणि पुढे राज्याचे मंत्री झालेले कार्यकर्ते. त्यांना २०१३ साली पद्मभूषण मिळाले. मातोश्री विद्याताई यांनी परिचारिकेचे काम केले होते आणि समाजकार्य हे त्यांचे आयुष्यभराचे व्रत होते. पती राजकारणात गुंतलेला असता संसाराचा गाडा बायकोने ओढावयाचा, ही गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांच्या घरांना नवी नाही. ते घरही त्यातलेच. स्मिताचे शालेय शिक्षण पुण्यास रेणुका स्वरूप प्रशालेत झाले. त्याच वयात राष्ट्र सेवा दलाचा संस्कार तिच्यावर घडला आणि दलाच्या कलापथकाबरोबर तिने भारतभ्रमणही केले. ज्यांनी सेवा दलाची शाखा पाहिली आहे त्यांना हे सांगणे नलगे की तेथे मुलीने चारचौघांत उभे राहून बोलणे, गाणे, मुलांच्या बरोबरीने काम करणे ही गोष्ट नित्याची असे. या संस्काराकडे चरित्रकारांनी लक्ष दिले आहे; आमच्या मते ते याहूनही अधिक द्यावयास हवे होते.

वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. तेथे दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या ज्योत्स्ना किरपेकर यांच्याशी स्मिताची मैत्री होती. त्यांचे पती दीपक किरपेकर हे छायाचित्रकार. त्यांनी स्मिताची काही छायाचित्रे काढली होती, आणि ती दूरदर्शन केंद्रात केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या दृष्टीस पडली. ही मुलगी कोण, अशी विचारणा झाली, आणि निवडचाचणीसाठी बोलावणे गेले. चाचणीच्या वेळी काही पाठ म्हणावयास सांगितले असता स्मिताने बांगलादेशाचे राष्ट्रगीत 'आमार शोनार बांगला' म्हटले, असे सांगतात. बांगलादेशाचा जन्म नुकताच, १९७१ च्या अखेरीस झाला होता. मराठी बातम्यांच्या चाचणीस आलेल्या मुलीने बंगाली गीत म्हणावे, यात सेवा दलाची खूण आम्हांस तरी स्पष्ट दिसते.

निवड झाली. पुढचा काळ म्हणजे त्यांच्या चरित्रातील एक-दोन पानांचा मजकूर. त्यातही सर्वत्र एकच आख्यायिका सांगितली जाते : अंगात जीन्सची विजार असावयाची, वेळ झाली की तीवरच घाईने साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यापुढे बसावयाच्या, कारण पडद्यावर दिसे तो अर्धाच देह. आख्यायिका गोड आहे आणि त्यांच्या निकटच्या मंडळींनीच ती सांगितलेली असल्याने खरी मानावयास हरकत नाही. तथापि तीवरून जो समज पसरला आहे, की बातम्या वाचणे हा त्यांचा केवळ पोरखेळ होता, पुढे चित्रपट मिळेपर्यंतचा वेळ घालविण्याचा उद्योग होता, तो आम्हांस मान्य नाही. सावळा वर्ण, मोठे डोळे, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातमागाची साडी आणि खालच्या पट्टीतला भारदस्त आवाज, असे ते रूप होते. त्या वेळच्या चित्रपटांतील गोऱ्यागोमट्या नायिकांच्या रांगेत असा चेहरा उभा करण्यास कोणी धजले नसते. बातम्यांच्या आसनावर मात्र तो शोभला. कारण तेथे सौंदर्याची नव्हे, विश्वासाची परीक्षा होती. आपल्याच घरातली, चार बुके शिकलेली मुलगी काही सांगते आहे, असे पाहणाऱ्यास वाटे. मुंबईतील अमराठी मंडळीसुद्धा केवळ त्यांना पाहण्यासाठी मराठी बातम्या लावीत, असे म्हटले जाते. त्याचा अर्थही आम्ही हाच घेतो.

आता त्या आसनाने त्यांना काय दिले ते पाहा. दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये आपली म्हणून नव्हे, पण खरी म्हणून उच्चारावयाची. चेहऱ्याची एक रेघही वाया घालवावयाची नाही. आणि समोर न दिसणाऱ्या लक्षावधी माणसांकडे एका माणसाकडे पाहावे तसे पाहावयाचे. नाटकवाल्यांना हे जमत नाही असे नाही, पण त्यांना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो, त्यामुळे हातवारे वाढतात. स्मिताबाईंनी कोणत्याही नाट्यशाळेत अभिनयाचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांची शाळा ही. त्यांच्या अभिनयातील जो संयम, जी स्थिर नजर नंतर वाखाणली गेली तिचा अभ्यास त्या कागदांवरून मान उचलून पाहण्यात झाला, असे आमचे मत आहे.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि आमच्या सभासद कुटुंबांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची. प्रतिष्ठित घरातील मुलीने नाटक-सिनेमात जाऊ नये हा निर्बंध त्या काळी केवळ आमच्याच समाजात होता असे नाही. तो सर्वत्र होता. परंतु बातम्या वाचण्यास कोणाची हरकत नव्हती. ते सरकारी केंद्र, विषय राज्यकारभाराचा, भाषा शुद्ध, वेष घरंदाज. मंत्र्याची मुलगी तेथे बसली तर मंत्र्याला खाली पाहावे लागत नव्हते. म्हणजे कॅमेऱ्यापुढे जाण्याचा जो मार्ग एरवी बंद होता त्यातील ही एक खिडकी उघडी राहिलेली होती. भक्ती बर्वे यांचे उदाहरण याच काळातले. सांगलीत १९४८ साली जन्मलेल्या या गुणी अभिनेत्रीने मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचल्या, आणि १९७५ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या नाटकात फुले विकणाऱ्या मंजुळेची भूमिका केली. ज्या मुलीचे गावठी उच्चार सुधारून तिला 'शुद्ध' बोलावयास शिकवले जाते ती मंजुळा, आणि ती वठविणारी बाई रोज सायंकाळी प्रमाण मराठीचा नमुना महाराष्ट्रापुढे ठेवणारी! हा योगायोग आम्हांस नेहमीच मौजेचा वाटत आला आहे. भक्तीबाई १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात गेल्या.

शुद्ध भाषेचा हा विषय जरा थांबून पाहण्याजोगा आहे. दूरदर्शनच्या निवेदकांनी मराठी उच्चाराला वळण लावले यात शंका नाही. श्री. प्रदीप भिडे यांनी पुढे चार दशके बातम्या वाचल्या, आणि ७ जून २०२२ रोजी ते निवर्तले तेव्हा ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते अशांनाही घरचा माणूस गेल्यासारखे वाटले. परंतु याची दुसरी बाजूही आहे. आमच्या भीमाकाठच्या बोलीत 'व्हतं', 'न्हाई', 'आलंया' म्हणणारी पोरे पुण्याच्या शाळा-महाविद्यालयांत गेली म्हणजे तोंड उघडावयास लाजत, आणि घरचे वडीलधारे तर पडद्याकडे बोट दाखवून "बघ, असं बोलावं" म्हणून त्यांना आणखी लाजवीत. शुद्धता शिकवावी, पण आईच्या बोलीची लाज शिकवू नये, एवढे तारतम्य आम्ही पाळले नाही. स्मिता पाटील यांनी पुढे जे केले त्यात या प्रश्नाचे एक प्रकारचे उत्तर सापडते.

श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते याच सुमारास. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अरुण खोपकर यांच्या 'तीव्र मध्यम' या विद्यार्थीपटात त्यांनी काम केले होते, ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनी त्यांचे नाव सुचविले, आणि दूरदर्शनवर त्या रोज दिसत होत्याच. १९७५ साली 'चरणदास चोर' व 'निशांत' आले, १९७६ मध्ये 'मंथन', आणि १९७७ मध्ये 'भूमिका'. 'मंथन'चा उल्लेख आमच्या वाचकांसाठी विशेष करावयास हवा. कारण तो दूधसंघाचा चित्रपट, आणि गुजरातेतील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन तो उभा केला. ज्या तालुक्यात पहाटे दुधाच्या किटल्या सायकलला लागतात त्या तालुक्यात या चित्रपटाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 'भूमिका' ही हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेली. तिच्यासाठी स्मिताबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. पुढे 'चक्र'साठी तो दुसऱ्यांदा मिळाला आणि १९८५ साली पद्मश्री. बाकीच्या चित्रपटांची यादी येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्यांत काही केवळ पोटापाण्याचे होते आणि त्यांनीही ते लपविले नाही.

आता दौंड. पंढरपुरात २३ जून १९४२ रोजी जन्मलेले, सोलापुरात वाढलेले आणि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले जब्बार पटेल यांनी बालरोगतज्ज्ञ म्हणून दौंड येथे व्यवसाय मांडला, पत्नीही डॉक्टर. आमच्या भागातील किती लेकरांची छाती त्यांनी तपासली असेल याची गणती नाही. दिवसा दवाखाना आणि सायंकाळी गाडीने पुण्यास तालमीला, असा त्यांचा क्रम असे. १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणणारा दिग्दर्शक हाच. आणि १९७४ च्या 'सामना' या त्यांच्या पहिल्या चित्रपटात, मारुती कांबळेच्या बायकोच्या, कमळीच्या, छोट्या भूमिकेत मुंबई दूरदर्शनची ही वृत्तनिवेदिका दिसते. 'सामना' म्हणजे काय ते पाटसकरांस सांगणे म्हणजे काशीला गंगा नेण्यासारखे आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा, साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव, गावात आलेला एक उपरा मास्तर, आणि त्याने पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न की मारुती कांबळेचे काय झाले. आमच्या पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस, उचल, सभासद, संचालक हे शब्द घराघरांत शिरले. त्यानंतर हा चित्रपट पाहणारास तो आधीच लिहून ठेवलेल्या जमाखर्चासारखा वाटला तर नवल नाही. सहकाराने आमच्या घरांत सुबत्ता आणली हे आम्ही विसरत नाही. पण प्रश्न विचारणारा मास्तर गावात असावा लागतो हेही खरे. हाच चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला.

बातमी आणि सत्ता यांचा संबंध डॉ. पटेलांनी १९७९ च्या 'सिंहासन'मध्येही मांडला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरील त्या चित्रपटात निळू फुले पत्रकार झाले आहेत. त्याला सारे ठाऊक असते आणि छापता थोडेच येते. स्मिताबाई त्यात नाहीत, म्हणून आम्ही पुढे जातो.

१९७७ चा 'जैत रे जैत' मात्र आमच्या विषयाच्या मध्यभागी आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील हा चित्रपट ठाकर समाजाचा. त्यात चिंधी झालेल्या स्मिताबाई ठाकरांच्या बोलीत बोलतात, भांडतात, लाडात येतात. काही वर्षांपूर्वीच जी मुलगी राज्यकारभाराच्या बातम्या निर्दोष प्रमाण मराठीत वाचीत होती तीच ही, असे सांगितल्याशिवाय कळू नये. आणि ती बोली त्या कोठेही चेष्टेची करीत नाहीत. बातमीतला शब्द जितक्या आदराने उच्चारावा तितक्याच आदराने उच्चारतात. शुद्ध आणि अशुद्ध यांच्या वादात आमच्या घरांनी जे तारतम्य दाखविले नाही ते येथे दिसते. भाषा एकच शुद्ध नसते. ज्याच्या तोंडी ती आहे त्याचा मान राखून बोलली की ती शुद्ध, असा धडा यातून घ्यावयाचा तर घेता येतो.

आणि मग १९८२ चा 'उंबरठा'. दिग्दर्शक पुन्हा डॉ. पटेल, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. सुलभा महाजन ही समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, प्रतिष्ठित घरात दिलेली, एका लहान मुलीची आई. परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून तिला नोकरी येते. सासूला, जाऊबाईला, वकील नवऱ्याला कळत नाही की घरी काय कमी आहे. ती जाते; आश्रमात संचालकांचा भ्रष्टाचार आणि बायांची दैना पाहते, झगडते, हरते, राजीनामा देऊन परत येते, तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. शेवटी ती पुन्हा गाडीत बसते. या चित्रपटाने ज्या घरांत वाद पेटवले ती घरे आमच्यासारखीच होती. सुलभा चुकली असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आमचे म्हणणे असे की तिने मुलीला मागे ठेवून जाण्याचे दुःख चित्रपटाने झाकलेले नाही. ते पाहूनही जो तिला बोल लावतो त्याने नोकरीसाठी मुंबईत राहिलेल्या किती बापांना तोच बोल लावला, याचाही हिशेब द्यावा.

महिलाश्रम ही गोष्ट दौंड तालुक्याला अपरिचित नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. पाटसच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूस केडगाव स्टेशन आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन वसवले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून विधवा व अनाथ मुली आणून त्यांना अन्न, अक्षर आणि हातचे काम दिले, आणि तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. त्यांच्या धर्मांतराविषयी आमच्या पूर्वजांनी जे म्हणावयाचे ते म्हटले. पण टाकलेल्या बायकांना आसरा देण्याचे काम आमच्या आगगाडीच्या मार्गावर चालू होते आणि आम्ही खिडकीतून पाहत पुढे जात होतो. 'उंबरठा'चा त्या संस्थेशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. पण बायकांच्या आश्रमाची कथा दौंडच्या एका डॉक्टराने पडद्यावर आणावी, याचे आम्हांस अप्रूप वाटते.

सुलभाची भूमिका दुसऱ्या कोणी केली असती तर? आम्हांस वाटते, प्रेक्षकांनी तिला अधिक लवकर दोषी ठरवले असते. स्मिताबाईंना मराठी घरांनी प्रथम ओळखले ते खोटे न बोलणारी मुलगी म्हणून. सायंकाळी सातत्याने समोर येऊन, आवाज न चढविता, जे आहे ते सांगणारी. सुलभा जेव्हा संचालक मंडळापुढे शांतपणे आपला अहवाल मांडते तेव्हा त्या जुन्या विश्वासाचे व्याज तिच्या पदरात पडते. बातम्या वाचण्याची त्यांची वर्षे जेमतेम दोन-तीन. पण त्यांनी कमावलेली पत पुढील दहा वर्षे पुरली.

या पेशात मान किती, या प्रश्नाकडे वळावयाचे तर आजचे निवेदन आणि त्या काळचे निवेदन यांत फरक पडला आहे हे कबूल केले पाहिजे. आज निवेदक प्रश्न विचारतो, वाद घडवितो, कधी स्वतःच निकालही देऊन मोकळा होतो. आवाज चढविल्याखेरीज कोणी पाहत नाही अशी समजूत रूढ झाली आहे. आमच्या मुलींनी या पेशात जावे की न जावे हे त्यांच्या घरांनी ठरवावे; मात्र जाणारीने आधी महिनाभर मोठ्याने वर्तमानपत्र वाचावे, अनोळखी गावांची आणि माणसांची नावे चुकू देऊ नयेत, आणि आपल्या आजीची बोली विसरू नये. लग्न ठरविताना "टी.व्ही.वर दिसणारी मुलगी नको" म्हणणारी स्थळे अजून आहेत, हेही आम्हांस ठाऊक आहे, अशा स्थळांविषयी आमचे मत आम्ही संबंधितांस समक्ष सांगू.

स्मिता पाटील यांच्या खासगी जीवनाविषयी त्या काळी वृत्तपत्रांनी पुष्कळ लिहिले. अभिनेते राज बब्बर यांच्याशी त्यांनी संसार मांडला, त्यावरून टीकाही झाली. त्यात आम्ही शिरत नाही. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांना मुलगा झाला. प्रसूतीनंतर प्रकृती बिघडली आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. वय अवघे ३१. स्त्रीचे बाळंतपण म्हणजे तिचा दुसरा जन्म, ही म्हण आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका उगाच म्हणत नाहीत; मुंबईसारख्या शहरात, सर्व साधने हाताशी असता हे घडले, याचा धसका त्या वेळी खेड्यापाड्यांतील घरांनीही घेतला. त्यांनी काम केलेला केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ साली पडद्यावर आला. त्यात त्या मिरच्यांच्या कारखान्याच्या दाराआड उभ्या आहेत, बाहेर सुभेदाराचे शिपाई आहेत, आणि आतल्या साऱ्या बाया त्यांच्याकडे पाहत आहेत.